फिन्सबरीचे फॅमिली डॉक्टर

लंडनच्या पूर्व टोकाला कॅनिंग टाऊन नावाची वस्ती आहे. गोदीत हमाली करणारे, गॅसच्या कारखान्यात राबणारे, जहाजांवरून उतरून तिथेच राहिलेले खलाशी असे लोक तिथे दाटीवाटीने राहत. या वस्तीतल्या बेक्टन रोडवर एका भारतीय डॉक्टरचे साधेसे घर होते. २२ सप्टेंबर १९३१ च्या संध्याकाळी त्या घरासमोर माणसांची रीघ लागली. महात्मा गांधी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला आले होते आणि गरिबांच्या वस्तीतच, किंग्सली हॉलमध्ये उतरले होते. त्यांना भेटायला त्या घरी चार्ली चॅप्लिन येणार होता. यंत्रांना तुमचा एवढा विरोध का, असे चॅप्लिनने त्यांना विचारले. यंत्रांमुळे भारत इंग्लंडवर अवलंबून राहिला, त्या परावलंबनातून आधी सुटायला हवे, अशा आशयाचे उत्तर गांधीजींनी दिले. ही हकिकत पुढे अनेकांनी लिहिली आणि तिची छायाचित्रेही गाजली. घर कोणाचे होते, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

ते घर डॉ. चुनीलाल कत्याल यांचे. पंजाबात १८९८ मध्ये जन्मलेल्या कत्याल यांनी लाहोरमधून १९२२ मध्ये वैद्यकीय पदवी घेतली. काही वर्षे त्यांनी इराकमध्ये लष्करी वैद्यकीय सेवेत काढली. १९२७ मध्ये ते उष्ण प्रदेशातल्या रोगांची पदविका घेण्यासाठी लिव्हरपूलला गेले. तिथून लंडन गाठले आणि गोदी कामगारांच्या वस्तीत पाटी लावली. असे करणारे ते एकटे नव्हते. दुसरे महायुद्ध संपेपर्यंत ब्रिटनमध्ये सुमारे हजार भारतीय डॉक्टर काम करत होते आणि त्यातले दोनशे लंडनमध्ये होते, असा अंदाज दिला जातो. त्या काळी तिथे चालता दवाखाना रीतसर विकत घ्यावा लागे. चांगल्या वस्तीतल्या दवाखान्याची किंमत परवडत नसे आणि परवडली तरी सावळ्या कातडीच्या डॉक्टरकडे रोगी येतीलच याची खात्री नसे. म्हणून यातले बरेच जण खाणकामगारांच्या, गिरणी कामगारांच्या, गोदीवाल्यांच्या वस्त्यांत गेले. जिथे गोरे डॉक्टर जायला नाखूश असत तिथे यांना जागा मिळाली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांतही ब्रिटनच्या आरोग्यसेवेत हेच चित्र दिसत राहिले.

१९३० च्या आसपास फॅमिली डॉक्टरच्या बॅगेत काय असे, याची आज कल्पना करणे अवघड जाते. हृदयासाठी डिजिटॅलिस, वेदनेसाठी मॉर्फिया, तापाला अ‍ॅस्पिरिन, उपदंशासाठी साल्व्हरसन. कत्याल पदवीधर झाले त्याच वर्षी माणसाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले गेले होते, त्यामुळे मधुमेहासाठी तेवढे एक खरे औषध हाती आले होते. जंतुसंसर्गावर काहीच नव्हते. सल्फा औषधांचा वापर १९३५ नंतरचा. पेनिसिलिन सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले ते महायुद्धानंतर. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन शोधले गेले १९४३ मध्ये. म्हणजे छातीला स्टेथोस्कोप लावून क्षयाचे निदान करता येई, क्ष-किरणाने त्यावर शिक्कामोर्तब करता येई, आणि त्यानंतर डॉक्टर म्हणे, ‘मोकळी हवा घ्या, चांगलेचुंगले खा, विश्रांती घ्या.’ एका खोलीत सहा माणसांसोबत झोपणाऱ्या हमालाला हा सल्ला देताना डॉक्टरला काय वाटत असेल? ज्याने आपल्याकडे कामगार वस्तीत दवाखाना चालवला आहे त्याला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

त्यात पैशाचा प्रश्न होताच. ब्रिटनमध्ये १९११ च्या कायद्याने कामगारांचा आरोग्य विमा सुरू झाला होता. कामगाराने आठवड्याला चार पेनी भरायचे, त्यात मालकाने तीन आणि सरकारने दोन घालायचे. त्या बदल्यात कामगाराने यादीतल्या एका डॉक्टरकडे नाव नोंदवायचे आणि डॉक्टरला दरडोई ठरावीक रक्कम मिळायची. ही यादी म्हणजे ‘पॅनल’ आणि असा रुग्ण म्हणजे ‘पॅनल पेशंट’. व्यवस्था चांगली होती, पण ती फक्त कमावत्या माणसासाठी होती. त्याची बायको आणि मुले तिच्यात नव्हती. नवऱ्याचा खोकला फुकट तपासला जाई आणि बाळाच्या डांग्या खोकल्यासाठी पैसे मोजावे लागत. साहजिकच घरातली बाई आपले दुखणे अंगावर काढी. डॉक्टरला बोलावले जाई ते नवऱ्यासाठी, मग मुलांसाठी, आणि तिच्यासाठी अगदीच नाइलाज झाला तर. या मांडणीत लंडनचे काय आणि लालबागचे काय, फारसा फरक नव्हता.

कत्याल यांनी पुढे आपले काम शहराच्या मध्याजवळच्या फिन्सबरी भागात नेले. फिन्सबरी हे नाव भारतीय इतिहासाला नवे नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये याच भागातून, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांच्या फरकाने, ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेले होते. चार दशकांनंतर तिथल्या मतदारांनी पुन्हा एका भारतीयाला मत दिले. १९३४ मध्ये कत्याल मजूर पक्षाचे उमेदवार म्हणून फिन्सबरीच्या बरो कौन्सिलवर निवडून आले आणि तिथल्या सार्वजनिक आरोग्य समितीचे अध्यक्ष झाले. दवाखाना चालूच होता.

हा भाग एक चौरस मैलाहूनही लहान होता आणि १९३१ च्या जनगणनेत तिथे सुमारे सत्तर हजार माणसे राहत होती. ओल आलेली तळघरे, अनेक कुटुंबांत एक नळ आणि एक शौचकूप, भिंतींच्या भेगांत ढेकूण. मुलांचे पाय मुडदुसाने वाकलेले असत. मुडदुसाची गोष्ट इथे थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण त्या काळातल्या वैद्यकशास्त्राची कोंडी तिच्यात नेमकी दिसते. १९१९ मध्ये दोन शोध लागले. ब्रिटनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले की आहारात बदल केला की मुडदूस होतो आणि कॉडलिव्हर ऑइल दिले की टळतो. जर्मनीत कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली बसवून मुडदूस बरा केला. आज आपण दोन्हींचा धागा ‘ड’ जीवनसत्त्व म्हणून ओळखतो. उन्हातले अतिनील किरण कातडीवर पडले की ते शरीरातच तयार होते. पण लंडनच्या आकाशात कोळशाचा धूर दाटलेला, गल्ल्या अरुंद, आणि खिडकीच्या काचेतून हे किरण आत येत नाहीत. म्हणजे १९३० च्या दशकात रोगाचे कारण ठाऊक होते, उपाय ठाऊक होता, तो महागही नव्हता, आणि तरीही मुलांचे पाय वाकतच होते. डॉक्टरने लिहून दिलेली चिठ्ठी या ठिकाणी येऊन थांबत होती.

फिन्सबरीत तेव्हा आरोग्याच्या सोयी अगदीच नव्हत्या असे नाही. पण त्या विखुरलेल्या होत्या. क्षयाचा दवाखाना एकीकडे, गरोदर स्त्रियांची तपासणी दुसरीकडे, दातांचे तिसऱ्याच ठिकाणी. मजुरी बुडवून आलेल्या बाईने कुठे कुठे फिरायचे? या सगळ्या सेवा एका छताखाली आणाव्यात आणि फिन्सबरीत राहणाऱ्या माणसाला त्या विनामूल्य मिळाव्यात, अशी योजना कौन्सिलने आखली. कत्याल हे या योजनेमागचे प्रमुख. इमारतीसाठी वास्तुरचनाकार कोण घ्यायचा, हा प्रश्न त्यांच्यापुरता बहुधा आधीच सुटलेला होता. १९३२ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या प्रदर्शनात ‘टेक्टन’ नावाच्या तरुण वास्तुरचनाकारांच्या गटाने ईस्ट हॅमसाठी क्षयरोग दवाखान्याचा एक आराखडा मांडला होता. ईस्ट हॅम म्हणजे कत्याल यांच्या कॅनिंग टाऊनच्या शेजारचाच भाग. तो आराखडा त्यांच्या नजरेत भरला होता. या गटाचे प्रमुख बर्थोल्ड लुबेटकिन हे जॉर्जियातल्या तिबिलिसीचे. म्हणजे लंडनमधल्या गरिबांच्या दवाखान्याचे काम लाहोरला शिकलेला डॉक्टर आणि तिबिलिसीचा वास्तुरचनाकार, अशा दोन परदेशी माणसांच्या हाती आले. टेक्टनचे तोवरचे सर्वांत गाजलेले काम होते लंडनच्या प्राणिसंग्रहालयातले पेंग्विनांचे तळे. मोकळी हवा आणि ऊन यांचा विचार करून बांधलेली जागा लंडनमध्ये झोपडवस्तीतल्या मुलांच्या आधी पेंग्विनांना मिळाली होती!

फिन्सबरी हेल्थ सेंटर २१ ऑक्टोबर १९३८ रोजी पाइन स्ट्रीटवर सुरू झाले. फिकट रंगाच्या चकचकीत फरशांची दर्शनी बाजू आणि दोन्ही अंगांना पसरलेल्या दोन शाखा. समोरून पाहिले तर कुणी हात पसरून ‘या’ म्हणत असावे, असे वाटते. प्रवेशद्वाराशी काचेच्या विटांची वळणदार भिंत आहे. तिच्यातून आतल्या दालनात उजेड येतो. त्या दालनात बाकांच्या रांगा मांडलेल्या नव्हत्या, खुर्च्या सैलसर ठेवल्या होत्या. भिंतींवर मोकळ्या हवेचे आणि बाहेर वावरण्याचे महत्त्व सांगणारी रंगीत चित्रे होती. हे तपशील वाचताना सजावटीचे वाटतील. पण सरकारी दवाखान्यात तासन्‌तास भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या माणसाला त्यांचा अर्थ लगेच कळेल. तिथली वाट पाहण्याची जागाच रुग्णाला त्याची पायरी सांगत असते. फिन्सबरीतल्या बाईने तोवर असले दालन पाहिले असेल तर बँकेचे किंवा चित्रपटगृहाचे.

आत क्षयाचा दवाखाना होता, दातांचा होता, स्त्रियांचा स्वतंत्र विभाग होता. मुलांना अतिनील किरण देण्यासाठी दिव्यांची खोली होती. मुडदुसावरचा १९१९ चा शोध वीस वर्षांनी गल्लीतल्या मुलांपर्यंत पोहोचला तो असा. पायांचा एक वेगळा दवाखाना होता. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्यांच्या पायांकडे कुणीतरी लक्ष द्यावे, ही कल्पना आजही आपल्या कित्येक रुग्णालयांना सुचलेली नाही. मधुमेहाने पाय गमावणाऱ्यांची रांग रोज पाहूनही नाही. खाली निर्जंतुकीकरणाची व्यवस्था होती. ढेकूण-उवांनी भरलेल्या घरातले अंथरूण-पांघरूण, कपडे तिथे आणून साफ करायचे, घराला औषधी धुरी द्यायची, आणि घर राहण्याजोगे होईपर्यंत त्या कुटुंबाला हेल्थ सेंटरमध्येच तात्पुरते राहायला जागा द्यायची. खरूज झालेल्या मुलाला मलम देऊन त्याच अंथरुणावर परत पाठवले तर आठवड्याने तो पुन्हा दारात उभा राहतो, हे कोणताही फॅमिली डॉक्टर जाणतो. इथे त्या अनुभवाला इमारतीत जागा मिळाली होती. व्याख्यानाचे दालन होते आणि शवागारही होते. आतल्या भिंती हलवता येतील, अशी रचना मुद्दाम केली होती, कारण वैद्यकशास्त्र बदलणार आणि खोल्यांचे उपयोगही बदलणार. पुढे तसेच झाले. क्षय आटोक्यात आला, दिव्यांच्या खोलीची गरज संपली, आणि इमारत इतर दवाखान्यांसाठी वापरात राहिली.

उद्घाटनानंतर काही दिवसांतच, नोव्हेंबर १९३८ मध्ये, कत्याल फिन्सबरीचे महापौर झाले. ब्रिटनमधले ते पहिले दक्षिण आशियाई महापौर मानले जातात. त्यांच्या कारकिर्दीवर युद्धाचे सावट होते. लोकांसाठी जमिनीत खोलवर बॉम्बहल्ल्यापासून बचावाचे निवारे बांधण्याची योजना कौन्सिलने टेक्टनकडूनच करून घेतली. सरकारने ती नाकारली. युद्धकाळात कत्याल नागरी संरक्षणाच्या वैद्यकीय कामात राहिले.

याच काळातली एक घटना इमारतीच्या वाट्याला आली. सैनिकांना आपण कशासाठी लढतो आहोत हे कळावे, म्हणून लष्कराने काही भित्तिपत्रके काढली. अब्राम गेम्स या चित्रकाराने त्यातल्या एकावर फिन्सबरी हेल्थ सेंटर रंगवले. उजळ, स्वच्छ इमारत पुढे आणि तिच्या मागे पडक्या घराच्या अंगणात एक मुडदूस झालेले मूल. चर्चिल यांना ते रुचले नाही. युद्धापूर्वीच्या ब्रिटनची ही बदनामी आहे, असे त्यांचे मत पडले आणि भित्तिपत्रक मागे घेतले गेले. पण फिन्सबरीत दवाखाना चालवलेल्या डॉक्टरला त्या मुलासाठी चित्रकाराच्या कल्पनेची गरज नव्हती.

१९४६ मध्ये कत्याल लंडन कौंटी कौन्सिलवर निवडून गेले. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि कमावत्या माणसाच्या बायकोला, मुलांना, म्हाताऱ्या आईला डॉक्टरचे दार विनामूल्य उघडले. पहिल्या महिन्यांत दवाखान्यांत आलेल्या बायकांबद्दल तिथल्या डॉक्टरांनी लिहून ठेवले आहे. गर्भाशय खाली सरकलेला, वर्षानुवर्षे कापडाने बांधून कामे करणाऱ्या, कुणाला कधी न दाखवलेल्या. इतक्या बायका एवढी वर्षे कुठे होत्या, हा प्रश्न त्यांना पडला. त्या त्याच गल्लीत होत्या. पॅनलवर नव्हत्या एवढेच.

त्याच वर्षी फिन्सबरीने कत्याल यांना बरोचे मानाचे नागरिकत्व दिले आणि त्याच वर्षी ते भारतात परतले. स्वतंत्र भारताने एप्रिल १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा केला होता. त्याच्या मुळाशी प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ मध्ये दिलेला अहवाल होता. कायद्याने स्थापन झालेल्या महामंडळाचे, म्हणजे आज ज्याला आपण ‘ईएसआयसी’ म्हणतो त्याचे, पहिले महासंचालक म्हणून कत्याल यांची नेमणूक झाली. पंचवीस वर्षे रुग्ण पाहिलेला फॅमिली डॉक्टर विमा योजनेच्या प्रमुखपदी बसतो, हे आज विरळाच पाहायला मिळेल. आज अशी खुर्ची कुणाकडे जाते ते सर्वांना माहीत आहे.

काम सोपे नव्हते. योजना एकाच वेळी देशभर सुरू करणे शक्य नव्हते आणि ज्या शहरात आधी सुरू होईल तिथल्या कारखानदारांचे म्हणणे असे की वर्गणीचा बोजा आमच्यावरच का, शेजारच्या शहरातला मालक मोकळा का? अखेर १९५१ मध्ये कायदा बदलून सगळीकडच्या मालकांकडून वर्गणी घेण्याचे ठरले. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला पंडित नेहरूंच्या हस्ते योजना सुरू झाली. त्याच वेळी दिल्लीतही झाली. मिळून सुमारे एक लाख वीस हजार कामगार तिच्या छत्राखाली आले. आजारपणाच्या रजेत पगाराचा साधारण निम्मा भाग, बाळंतपणाचा लाभ, कामावर झालेल्या अपघाताची भरपाई आणि औषधोपचार. मात्र सुरुवातीला औषधोपचार फक्त कामगाराला होता, त्याच्या कुटुंबाला नाही. १९११ च्या ब्रिटिश कायद्यातली फट इथेही राहिली होती. कुटुंबांसाठी ती बुजली नंतर, कत्याल पदावरून गेल्यावर. पैसा आणि डॉक्टर दोन्ही अपुरे असताना सुरुवात कुठून तरी करायला हवी होती, हे खरे. पण कॅनिंग टाऊनमध्ये ती फट रोज पाहिलेल्या माणसाला तिच्यासकटच योजना सुरू करावी लागली.

मुंबई-नागपूरला योजना १९५४ मध्ये आली. कानपूरमध्ये पगारी डॉक्टरांचे सरकारी दवाखाने उघडले गेले, तर मुंबईत पॅनलची पद्धत आली. गिरणगावातल्या जुन्या माणसांना ‘पॅनल डॉक्टर’ हा शब्द सांगावा लागत नाही. चाळीच्या तळमजल्यावरचा दवाखाना, बाहेर विमा योजनेची पाटी, आत कामगाराचे कार्ड, रजेसाठी दाखला लिहून घ्यायला सकाळी लागलेली रांग. त्या डॉक्टरला कोणता कामगार कार्डिंग खात्यात आहे आणि कुणाच्या घरी क्षयाचा रुग्ण आहे, हे तोंडपाठ असे. परळच्या महात्मा गांधी स्मारक रुग्णालयापासून मुलुंड, वरळी, कांदिवलीपर्यंत पुढे कामगार रुग्णालये उभी राहिली. त्यांची आजची अवस्था हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. गिरण्या गेल्या, पॅनल डॉक्टरांचे दवाखाने कमी झाले, आणि त्याच वस्त्यांतून आज मोटारसायकलवर जेवणाचे डबे पोहोचवणाऱ्या मुलाला अंगात ताप असताना कोणत्या डॉक्टरकडे जायचे ते ठाऊक नसते. त्याचे असे कुणी ठरलेले डॉक्टरच नाहीत.

कत्याल १९५३ पर्यंत महासंचालक होते. १९७० च्या दशकात ते पुन्हा लंडनला गेले आणि नोव्हेंबर १९७८ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आल्मा-आता इथे जगभरचे देश जमले होते आणि प्राथमिक आरोग्यसेवा लोकांच्या दाराशी न्यायची, असा जाहीरनामा त्यांनी संमत केला होता. भारतात त्यांच्या नावाची फारशी आठवण उरलेली नाही. ईएसआयचे कार्ड खिशात ठेवणाऱ्या माणसाने ते ऐकलेले असण्याची शक्यता कमीच.

फिन्सबरी हेल्थ सेंटर मात्र उभे आहे. ब्रिटनमध्ये सर्वांत महत्त्वाच्या वास्तूंना मिळतो तो पहिल्या श्रेणीचा वारसा दर्जा तिला मिळाला आहे. जुनी इमारत, दुरुस्तीचा खर्च मोठा, म्हणून ती विकून सेवा दुसरीकडे हलवाव्यात, असा प्रस्ताव काही वर्षांपूर्वी पुढे आला होता. आजूबाजूच्या रहिवाशांनी त्याविरुद्ध चळवळ उभी केली. वास्तुकलेचे अभ्यासक त्यात होते आणि ज्यांची आई गरोदरपणी तिथे तपासणीला जात होती असे म्हातारेही होते. त्यांना इमारतीचा वारसा वगैरे फारसा सांगायचा नव्हता. आमचे डॉक्टर इथेच बसू द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते.